श्वास सोडा, मावशी

"म्हंजे साडेचार वर्सं कॉलेज शिकून तू बायकांना श्वास घ्यायला शिकवतीस?"

हा प्रश्न आमच्या आण्णांचा. सांगोल्याच्या पुढं आमचं गाव. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि दहावीच्या पुढं शिकलेली मी एकटीच. सुट्टीला गेले की आण्णा मेंढरांना पाणी दाखवता दाखवता हा प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच पुढं म्हणतात, "आन् ही मेंढरं काय कॉलेजला गेल्ती व्हय? घेत्यात की चांगला."

पहिल्यांदा मला रडू आलं होतं. आता नुसता वैताग येतो.

दिवाळी अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. माझ्याकडे इंटर्नशिपचे जेमतेम सहा महिने आहेत, म्हणून लिहावं की नाही असं बरेच दिवस वाटत होतं. पण या सहा महिन्यांत 'श्वास सोडा' हे दोन शब्द मी इतक्या वेळा म्हटलेत, की निदान तेवढ्या एका गोष्टीबद्दल लिहायला हरकत नसावी.

मी फिजिओथेरपी शिकते. सोलापुरातल्या आमच्या हॉस्पिटलचं एक लहान केंद्र विडी घरकुलाजवळ, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीजवळ आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी माझी ड्यूटी तिथं असायची. फिजिओथेरपी म्हटलं की लोकांना गुडघा आणि मान आठवते. आमचा विभाग जरा निराळा. खोकलं, हसलं, घागर उचलली की ज्यांना थोडी लघवी होते, बाळंतपणानंतर ज्यांना खाली जड जड वाटतं, ज्यांची कंबरदुखी कशानंच थांबत नाही, अशा बाया आमच्याकडे येतात. येतात म्हणजे कंबर दुखते असं सांगून येतात. खरं कारण तिसऱ्या-चौथ्या वेळी कळतं, तेही जाता जाता, दाराशी चप्पल घालताना.

त्यांना मी काय शिकवते ते साध्या शब्दांत सांगते. फुप्फुसांच्या खाली एक पडदा असतो. श्वास घेतला की तो खाली येतो, सोडला की वर जातो. आणि कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, सगळ्याचा भार ती पेलते. पुस्तकात तिला श्रोणितळ म्हणतात. हा शब्द मी पेशंटसमोर एकदाच वापरला. ती बाई म्हणाली, "ते कुठल्या तालुक्यात आलं?" तेव्हापासून मी झोळीच म्हणते. बाळ ठेवलं की झोळी जशी थोडी खाली येते, उचललं की वर जाते, तशीच ही. श्वास आत येतो तेव्हा पोट आणि बरगड्या फुलतात, झोळी सैल पडते. श्वास सोडला की ती आपोआप वर येते. सोडता सोडताच तिला जरा आणखी वर उचलायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. जड उचलायचं तेही श्वास सोडत. श्वास कोंडून उचललं तर सगळा दाब खाली त्या झोळीवरच जातो. बस्, एवढंच.

एवढंच, पण हे कुणालाही जमत नाही. 'श्वास घ्या' म्हटलं की समोरची बाई खांदे कानापर्यंत नेते, छाती पुढं काढते आणि पोट पाठीला लावते. शाळेत कवायतीला शिकवलेलं असतं ना, छाती पुढे, पोट आत! ते अंगातून जात नाही. जुळे सोलापूरच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. खोकल्याबरोबर त्रास व्हायचा म्हणून त्यांनी नातीबरोबर खेळणं सोडलं होतं. मी म्हटलं, "बाई, पोट सैल सोडा."

"सैल? अगं, मी वीस वर्षं प्राणायाम करते."

"हो, पण आत्ता तुम्ही श्वास घेताना पोट आत ओढताय."

"बरोबरच आहे ते. तुझं वय काय?"

मी वय सांगितलं. त्यानंतर त्यांनी मला अर्धा तास श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. जाताना म्हणाल्या, "शिकशील हळूहळू."

हा झाला सुशिक्षितांचा वैताग. माझा खरा धडा मात्र दुसरीकडे होता, आणि त्यात वैताग करण्यासारखी व्यक्ती मी स्वतःच होते.

नरसूबाई पन्नाशीच्या. घरकुलात राहतात, घरी बसून विड्या वळतात. घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी सोलापुरी मराठी. पहिल्या दिवशी त्याही कंबरच दुखते म्हणाल्या. पण त्यांनी चौथ्या वेळेची वाट बघितली नाही. मी पडदा ओढला तसं सरळ सांगितलं.

"मॅडम, माझी पोरगी हैदराबादकडे दिलीय. तिला पोरगं झालं. बाळंतपणाला गेले नाही, बारशाला गेले नाही. पाय दुखतात म्हणून सांगितलं. आता ती फोनच उचलत नाही."

"का नाही गेलात, मावशी?"

"कसं जाऊ? आमची सगळी भावकी मिळून जीप करतात. दहा-बारा माणसं. तासाला एकदा मला उतरायला लागतंय. नाहीतर तिथंच होतंय. जाऊ बसलेली असती, तिची सून बसलेली असती. सांगू कुणाला?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आता जावळ काढायचं ठरलंय. तीन महिन्यांनी. जावळाला नाही गेले तर पोरगी मला मेली म्हणून समजेल."

तीन महिने. आमच्या हिशोबानं ठीक मुदत. रोज मन लावून केलं तर तेवढ्यात बराच फरक पडतो. मला हुरूप आला. मी झोळी सांगितली, चित्र काढून दाखवलं. त्या मान हलवत राहिल्या. मग 'उचला' म्हटलं तर त्यांनी मांड्या आवळल्या, दात आवळले, श्वास कोंडला. पाच-सहा वेळा हेच. बाहेर रांग होती. मी वैतागले आणि शॉर्टकट घेतला.

"मावशी, लघवी आल्यावर आपण अडवून धरतो की नाही? अगदी तसं करायचं. धरायचं. दिवसभरात जमेल तितक्या वेळा."

त्यांचा चेहरा खुलला. "एवढंच होय? मग ते येतंय की मला!"

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत. मी मनात त्यांच्यावर रागावलेही. सगळ्या अशाच, दोन दिवस करतात आणि सोडून देतात. मग त्यांची शेजारीण कंबरेसाठी आली, तिनं सांगितलं, नरसूबाई तापानं फणफणल्यात, लघवीला आग होते, दवाखान्यात ठेवलंय.

आमच्या मॅडम, म्हणजे या विभागाच्या प्रमुख, मोठ्यानं कधी बोलत नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली.

"तू तिला काय सांगितलंस? शब्द न् शब्द सांग."

मी सांगितलं.

"विडी वळणाऱ्या बाईला सांगितलंस, लघवी अडवून धर म्हणून?"

"मॅडम, कसं करायचं ते कळावं म्हणून..."

"धर सांगितलंस. सोड कधी सांगितलंस?"

मी वही काढून बघितली. वहीत ते नव्हतंच. 'दहा वेळा आवळणे' असं लिहिलं होतं. सैल सोडण्याबद्दल एक ओळ नाही. सहा महिन्यांची फुशारकी म्हणून हे लिहीत असते तर ही जागा वगळली असती. पण हीच जागा सांगायला मी लिहायला बसले आहे.

नरसूबाई घरी आल्यावर मी त्यांना भेटायला गेले. रागावतील, दारातून परत पाठवतील असं वाटलं होतं. त्या सूप मांडीवर घेऊन वळायला बसल्याही होत्या. समोर ओल्या फडक्यात तेंदूची पानं, सुपात तंबाखू. अंगात ताकद नव्हती, तोंड उतरलेलं.

"मावशी, माझं चुकलं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"चुकीचं कशाला? तुम्ही सांगितलं तसंच केलंय की. सकाळी बसल्यापासनं कारखान्यात माल द्यायला जाईपर्यंत धरलं. एकदा पण उठले नाही." त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "आधी तर तासातासाला उठायची."

"आणि पाणी?"

"पाणी प्यायलं तर धरायला जड जातंय ना! म्हणून ते बंद केलं."

मला हसावं की रडावं कळेना. एवढं मनापासून सांगितलेलं करणारी पेशंट मला त्याआधी मिळाली नव्हती, नंतरही नाही. आणि तिला मी हे करायला लावलं होतं.

मी तिथं तासभर नुसती बसून राहिले. त्या वळत होत्या. पान कापायचं, तंबाखू भरायचा, गुंडाळायचं, टोक दाबायचं, दोरा ओढून बांधायचा. प्रत्येक वेळी दोरा ओढताना त्यांचा श्वास बंद व्हायचा. बांधून झालं की नाकातून हलकेच सुटायचा. ओठ मिटलेले. मधेच मी काहीतरी विचारलं तर त्यांनी डोळ्यांनीच थांब म्हटलं. थोड्या वेळानं पंचवीस विड्यांचं बंडल बांधून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "हां, आता बोला. मोजत होते."

"मनात मोजता?"

"मग? बोललं की आकडा चुकतो."

म्हणजे दिवसभरात शेकडो विड्या, आणि प्रत्येक विडीला एकदा श्वास कोंडायचा. त्याशिवाय पोट सुटू नये म्हणून कमरेला जुन्या साडीची पट्टी करकचून बांधलेली. श्वासाला खाली यायला जागाच नव्हती. मी केंद्रात पडद्याआड बसून त्यांना दहा वेळा श्वास सोडायला सांगत होते, आणि इथं त्या शेकडो वेळा तो कोंडत होत्या. माझ्या दहाला कोण विचारतंय?

"मावशी, तुम्ही मोठ्यानं मोजाल का?"

"म्हणजे?"

"दोरा ओढताना आकडा तोंडानं म्हणायचा. ऐकू येईल असा. तेलुगूत म्हणा, कशातही म्हणा."

"अय्यो! शेजारी म्हणतील, नरसूला वेड लागलं."

"म्हणू देत."

त्यांनी दोरा ओढला. "ओकटि," त्या पुटपुटल्या. श्वास कोंडलेलाच.

"मोठ्यानं."

"रेंडु."

"अजून. भांडल्यासारखं."

"मूडु!" त्या ओरडल्या आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आकडा तोंडातून बाहेर पडत होता आणि त्याच्याबरोबर श्वासही. मोठ्यानं बोलायचं तर श्वास कोंडता येतच नाही. किती साधं होतं! साडेचार वर्षांच्या पुस्तकांत 'जोर लावताना श्वास सोडा' असं सतरा ठिकाणी लिहिलेलं आहे, पण तेलुगूत आकडे म्हणा असं कुठं नाही.

मग आम्ही ठरवलं. कमरेची पट्टी काढून ठेवायची. आकडे मोठ्यानं. पंचवीस झाले की पाय सरळ करून पाच श्वास सावकाश घ्यायचे, पोट सैल सोडून. दर दोन-अडीच तासांनी उठून जाऊन यायचं, आल्यावर अडवायचं नाही. पाणी बंद करायचं नाही. ताप पूर्ण गेल्यावर झोळी उचलायचं शिकायचं, आणि प्रत्येक वेळी उचललं की सोडायचं. जेवढं उचललं त्याच्या दुप्पट वेळ सैल. हे मी त्यांच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. मला आता कुणावरच भरवसा राहिला नव्हता, स्वतःवर तर नाहीच.

पुढचे दोन महिने वैतागाचेच होते. एका आठवड्यात चांगलं, पुढच्या आठवड्यात मूळपदावर. एकदा पट्टी परत दिसली. "पाहुणे आले होते, पोट दिसतंय," म्हणे. एकदा त्यांनी पाणी परत बंद केलं, कारण लग्नाला जायचं होतं. मी चिडले की त्या मलाच म्हणायच्या, "मॅडम, श्वास सोडा." त्याच सुमारास घरी गेले होते तेव्हा मी आण्णांना सांगितलं, "मी श्वास घ्यायला नाही शिकवत. सोडायला शिकवते."

"मग त्ये तर आनखी सोपं हाय," आण्णा म्हणाले.

आई चुलीपुढं होती. ती हसली आणि हसता हसता एकदम गप्प झाली. तिला मी अजून काही विचारलेलं नाही. दुसऱ्यांच्या आयांना विचारते.

तिसऱ्या महिन्यात एक शुक्रवार आला. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर काका प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे येत. पुरुषांनाही ही झोळी असते, हे त्यांना पटायला दोन आठवडे गेले होते. प्रश्न त्यांना विचारला की उत्तर काकू द्यायच्या. त्या दिवशी काकू आल्या नव्हत्या, म्हणून काका स्वतः बोलले.

"सुधारणा हाय. पर यष्टीत अजून टेंभुर्णीपातूर, दीड तास बी, बसवत न्हाय बगा."

"मग गाडी थांबवायला सांगायची, काका."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "एवढी वर्सं गाडी चालिवली. नातेपुत्याला जायचो, बाया भरलेल्या असायच्या. पुरुषमानूस पुढं यिऊन बिनधास्त म्हनायचा, ड्रायव्हर, जरा थांबवा. एका बाईनं कधी म्हटलं न्हाय. आमाला वाटायचं, यांना लागतच नसंल. आता ह्यो पँटीचा घोळ माझ्या नशिबी आला, तवा डोस्क्यात परकाश पडला. कुनी म्हटलं असतं तर थांबवली असती की वो. थांबवायला काय लागतंय? ब्रेक तर पायाखालीच व्हता."

समोरच्या बाकावर नरसूबाई बसल्या होत्या. त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होत्या. ऐकलं की नाही कळलं नाही.

जावळाच्या आदल्या मंगळवारी मी त्यांना तपासलं. खोकल्यावर होणारं खूप कमी झालं होतं. दोन तास आरामात निघत होते. पण प्रवास सहा-सात तासांचा. मी खरं तेच सांगितलं. "मावशी, अजून पूर्ण बरं नाही. मध्ये तीनदा तरी उतरावं लागेल."

त्यांनी मान हलवली. जाते म्हणाल्या नाहीत, नाही जात असंही म्हणाल्या नाहीत.

त्या शनिवारी दुपारी मी हॉस्टेलवर कपडे वाळत घालत होते. फोन आला. मागं ट्रकचे हॉर्न, भांड्यांचा आवाज.

"मॅडम, मी उमरग्याच्या पुढं. धाब्यावर."

"गेलात तुम्ही!"

"थांबवली गाडी. मीच सांगितलं. सगळ्यांच्या समोर. ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, मला जायचंय, थांबव."

"मग?"

"मग काय. थांबवली की त्यानं. काहीच बोलला नाही. मी उतरले, खाली मान घालून चालायला लागले. मागं चपलांचा आवाज आला म्हणून बघितलं, तर माझी जाऊ उतरली. तिच्या मागं तिची सून. तिच्या मागं त्या सुनेची आई. सगळ्या! एक पण बाई गाडीत राहिली नाही, मॅडम. गडी लोक खिडकीतनं बघायला लागले, या कुठं चालल्या म्हणून."

मी विचारायचं म्हणून विचारलं, "गळलं का काही?"

"उतरताना जरा झालं. खोटं कशाला सांगू. पण साडीपर्यंत नाही." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "पोरीनं फोन उचलला. कुठपर्यंत आलीस म्हणून दोनदा विचारलं."

जावळ झालं. मी फोटो बघितला. गोटा केलेलं बाळ रडतंय आणि नरसूबाईंनी त्याला उंच धरलंय. फोटोत मी बाळ बघितलं नाही, त्यांच्या बरगड्या बघितल्या, श्वास कोंडलाय का म्हणून. धंद्याची खोड.

माझ्या इंटर्नशिपच्या शेवटच्या मंगळवारी नरसूबाई आल्या, आणि एकट्या आल्या नाहीत. जाऊ, जावेची सून आणि तिची आई, तिघी बाकावर ओळीत बसल्या. तिघींनीही कंबर दुखते म्हणून सांगितलं. मी पहिल्यापासून सुरुवात केली. झोळी, पडदा, बाळ. तिघींनी माना हलवल्या. मग मी म्हटलं, "आता श्वास घ्या." तीन खांदे कानापर्यंत गेले, तीन छात्या पुढं आल्या, तीन पोटं पाठीला लागली.

मी कपाळावर हात मारणार होते, तेवढ्यात नरसूबाई कडाडल्या. "ए, पोट सोडा! कोंडू नका! मोजा, मोठ्यानं मोजा!"

"ओकटि," जाऊ लाजत म्हणाली. "रेंडु. मूडु." सातापर्यंत आवाज चढत गेला. आठाला सुनेनं तिच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. मग जाऊही हसायला लागली, आणि हसता हसताच दोन्ही हातांनी साडी मुठीत धरून एकदम गप्प झाली. ती उठून जायला निघाली.

नरसूबाईंनी तिचा दंड धरून तिला परत बाकावर बसवलं.

"बस," त्या म्हणाल्या. "इथं चालतंय. इथं सगळ्या तशाच आहेत. नऊ म्हण."